प्युअर सिल्क हँडलूम पैठणी म्हणून घेतली आणि निघाली पॉलिस्टर

भाचीच्या लग्नासाठी ऑनलाइन लाइव्हमधून पैठणी घेतली, 11,500 ला. बाई कॅमेऱ्यासमोर दहादा म्हणाली प्युअर सिल्क, हातमाग, येवल्याची, आणि मी व्हॉट्सॲपवर परत विचारलं तर "हो ताई 100% प्युअर हँडलूम" असा मेसेजही आला. तो मेसेज होता म्हणून वाचले, नाहीतर बिलावर फक्त "साडी 1 नग" एवढंच लिहिलेलं आणि मी येडी बघितलंच नाही!

साडी आली, रंग तोच, मोर तेच. आत्याने हातात घेतली आणि आधी पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून पण पुढच्यासारखाच दिसतो, हिच्या मागे नुसते कापलेले धागे. मग पदराच्या गोंड्यातले दोन धागे जाळले, रेशीम असतं तर जळक्या केसांचा वास येऊन राख चुरली असती, इथे वितळून कडक गोळी झाली. (पॉवरलूमवर पण खरं रेशीम असू शकतं हां, त्यामुळे नुसतं जाळून हातमाग कळत नाही, पदर उलटा करून बघायचाच.)

फोन केला तर म्हणे फोटोत दाखवली तीच पाठवलीय, आणि आमचं नो रिटर्न आहे, पेजवर लिहिलंय. इथेच बरेच जण गप्प बसतात, मीही बसणार होते. पण सेल ऑफ गुड्स ॲक्ट 1930 चं कलम 15 असं आहे की वर्णन सांगून माल विकला तर माल त्या वर्णनाप्रमाणेच हवा, नमुन्याशी जुळला तरी वर्णनाशी जुळला नाही तर चालत नाही. आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, मग पेजवर काहीही लिहिलेलं असो.

1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकली, स्क्रीनशॉट आणि पदराच्या मागच्या बाजूचे फोटो जोडले, आणि तिला पण मेसेज केला की पैसे नाही आले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, 5 लाखांपर्यंत तिथे फी पण लागत नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ मात्र काढला नव्हता, तो काढत जा, "साडी तुम्हीच बदलली" हे पण ऐकवून झालं मला.

तीन आठवड्यांनी 11,300 आले. 200 का कापले विचारलं तर म्हणे पदराचा गोंडा तुम्ही खराब केलाय.