पहिला महिनाभर रॉड उत्तम चालला

पिकअपच्या मागच्या एक्सलला स्वे बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून लावायचा रॉड, बसवून घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आपले मेकॅनिक त्याला स्टॅबिलायझर रॉड म्हणतात. या रॉडच्या व्यवहारात मी फसलो, आणि फसलो हे कळायला मला अडीच महिने लागले. इतका वेळ लागला, कारण नकली रॉड बसवला तरी गाडी सुरुवातीला खरोखरच सुधारते. फसवणारा नेमका त्याच गोष्टीवर धंदा करतो.

माझ्या गाडीला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत आणि कंपनीकडून मागचा स्टॅबिलायझर आलाच नव्हता. हौद्यात उंच माल भरला की वळणावर गाडी एका अंगाला कलायची आणि सावकाश सरळ व्हायची. शिवाय भरल्यावर मागून दबायची. दोन्ही तक्रारी मी विक्रेत्यापुढे मांडल्या. तो म्हणाला, "साहेब, एकाच रॉडमध्ये दोन्ही कामं होतील. अठ्ठावीस एमएम, स्प्रिंग स्टील, भरीव. लोडसुद्धा जास्त घ्याल."

या शेवटच्या वाक्यालाच मी उठून यायला हवं होतं. हा रॉड इंग्रजी यू अक्षरासारखा असतो. मधला भाग बुशमध्ये, म्हणजे गोल पकडीत, फिरता राहतो आणि दोन्ही टोकं दोन बाजूंना लिंकने, म्हणजे छोट्या जोडदांड्याने, जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली की रॉड बुशमध्ये नुसता फिरतो, त्याला पीळ बसतच नाही. एक बाजू वर आणि दुसरी खाली गेली तरच तो पिळला जातो आणि कलणं रोखतो. माल भरल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दबतात, म्हणजे तिथे त्याचा काडीचाही उपयोग नाही. त्यासाठी जादा पाटा किंवा एअर बॅग (हवा भरलेली स्प्रिंग) लागते, आणि त्यांनीही फक्त दबणं कमी होतं. कंपनीने ठरवलेली भारक्षमता तेवढीच राहते. स्वे बारने लोड वाढेल असं सांगणारा एक तर अडाणी असतो, नाहीतर खोटं बोलत असतो.

रॉड बसवल्यावर त्याने मला शेजारी बसवून रिकामी गाडी जोरात डावी-उजवीकडे वळवून दाखवली. गाडी सपाट राहिली. मग व्हर्निअर माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुम्हीच मोजा." बरोबर 28 मिमी भरला. मी पैसे दिले.

व्हर्निअर खोटं नव्हतं, पण ते फक्त बाहेरचा व्यास सांगतं. रॉडची पिळाला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. 22 मिमीऐवजी 24 मिमी घेतला तर ती 40 टक्क्यांच्या वर चढते. म्हणून जो तो जाडीचा आकडा सांगतो. पण आतून पोकळ असेल तर त्या पोकळीचाही चौथा घात वजा होतो. माझा निघाला 2.5 मिमी जाडीचा पाइप. हिशेब केला तर तो 24 मिमीच्या भरीव रॉडइतकाच येतो. आधी मागे काहीच नव्हतं, तिथे तेवढ्यानेही गाडी घट्ट वाटणारच. चालवून पाहणं ही या मालाची परीक्षाच नव्हे.

दुसरी गोष्ट लोखंडाची. साधं पोलाद आणि स्प्रिंग स्टील, पीळ देताना दोन्ही जवळजवळ सारखीच ताठ असतात. फरक पडतो परत येण्यात. टेंपर केलेलं, म्हणजे तापवून-थंड करून चिवट बनवलेलं, स्प्रिंग स्टील खोल पीळ घेऊनही जागेवर येतं. साधं पोलाद एका मर्यादेपुढे गेलं की पीळ धरून बसतं. म्हणून पहिला महिना छान गेला. पुढे भरल्या गाडीची वळणं, एका चाकाखाली आलेले खड्डे असं करत गाडी सपाट जागेवर रिकामी उभी असतानाही एका बाजूला बोटभर खाली दिसू लागली. मला वाटलं पाटा बसला.

दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी पाट्यांना हातसुद्धा लावला नाही. सपाट जमिनीवर एका लिंकचा नट काढला आणि बोल्ट ठोकून बाहेर काढला, तर रॉडचं टोक फटकन उडून बाजूला झालं. गाडी तिथल्या तिथे सरळ झाली. सरळ रॉडचा बोल्ट हाताने सरकतो. मग त्यांनी बॅटरीचा उजेड रॉडच्या वळणाजवळ धरला. रॉड आडवा सरकू नये म्हणून तिथे एक कडी वेल्डिंगने चिकटवली होती. कडीच्या कडेने काळ्या रंगात केसाएवढी रेघ दिसत होती. काकांनी कानशीने रंग खरवडला, रेघ लोखंडातही होती. टेंपर केलेल्या रॉडला कुणी असं वेल्डिंग करत नाही, कारण त्या जागेचं टेंपर जातं आणि तडा तिथूनच सुरू होतो. ब्रेकचा पाइप तिथून चार बोटांवर होता. ते पाहून मला घाम फुटला.

रॉड काढून काट्यावर ठेवला. लोखंड विकणारे कुणीही सांगतील तो साधा हिशेब आहे: व्यासाचा मिमीमध्ये वर्ग करा, 162 ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 28 मिमी भरीव म्हणजे मीटरला 4.84 किलो. वळणांवरून दोरी धरून मोजली तर माझा रॉड 1.6 मीटरचा होता, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास हवा. काटा तीन किलोलाही पोचला नाही. बसवण्याआधी दोन मिनिटं काट्यावर ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पोकळ रॉड वाईटच असतो असं मात्र नाही. चांगले उत्पादक जाड भिंतीचा, टेंपर केलेला पोकळ रॉड बनवतात, पण तो पोकळ आहे असं सांगून विकतात.

विक्रेत्याकडे गेलो तर त्याने बिल मागितलं. बिलावर फक्त "सस्पेन्शन साहित्य" लिहिलेलं. व्यास नाही, भरीव-पोकळ नाही, वॉरंटी तोंडी. "आम्ही भरीव कुठे म्हणालो?" हे ऐकून परत आलो. तेव्हा कृपा करून व्यास, भरीव की पोकळ, कोणतं स्टील आणि वॉरंटी किती, हे बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो कां-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका.

दुसऱ्या वेळी मी जाडीच्या मागे लागलो नाही. मागचा रॉड फार कडक झाला तर वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो आणि रिकाम्या पिकअपची शेपटी ओल्या रस्त्यावर सुटू शकते. खडबडीत जागी एक चाक उचललं जातं ते वेगळंच. म्हणून 22 मिमीचा भरीव रॉड घेतला. टोकाला दोन भोकं होती, लिंक बाहेरच्या भोकात लावली, कारण आतलं भोक रॉडला आणखी कडक करतं. चाकं मोकळी लोंबकळवून डिफरन्शियल, स्टेपनी आणि ब्रेकच्या पाइपला रॉड कुठे लागतो का ते पाहिलं. मग गाडी जमिनीवर उभी करून, तिचा भार चाकांवर आल्यावरच लिंकचे नट आवळले. हे सगळं मात्र नंतर. त्याआधी दुकानातच रॉड काट्यावर ठेवायला लावला होता. हिशेबाने 4.8 किलो यायला हवा होता, तेवढा भरला, आणि मग पैसे दिले.