सात महिने दंडावर सेन्सर, आणि रात्री तीनचा अलार्म

परवा अंग पुसताना साखर सतत मोजणारा सेन्सर टॉवेलबरोबर निघून आला. १४ दिवसांचा होता, नवव्या दिवशी सुटला. कंपनीला तीनदा फोन केला. 'घासून निघाला तर बदलून मिळत नाही' हेच उत्तर. पाच दिवसांचे पैसे पाण्यात गेले, याचा राग आहेच. पण सात महिन्यांत मला सगळ्यात जास्त छळलं ते रात्रीच्या अलार्मने.

साखर फार खाली गेली की तो वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा आकडा होता ५४. मी इन्सुलिन घेते, ५४ दिसल्यावर विचार करत बसत नाही. अंधारातच ग्लुकोज पावडर खाल्ली आणि सकाळी २६० घेऊन उठले. पुढच्या वेळी घाम नव्हता, थरथर नव्हती, म्हणून आधी हात धुऊन बोट टोचलं. सेन्सर ५४, ग्लुकोमीटरची पट्टी १०८! मी सेन्सरच्याच कुशीवर झोपले होते. सेन्सरची तार रक्तात नसते, कातडीखालच्या द्रवात असते. दंड दाबला गेला की त्या जागी ग्लुकोज कमी पोचतं, आणि तारेवरचं एन्झाइम तेवढंच मोजतं. हे खोक्यावर ठळक का छापत नाहीत?

तिसऱ्या महिन्यात ठरवलं होतं, हा शेवटचा, मग पुन्हा पट्ट्या. त्याच आठवड्यात एका दुपारी पट्टीवर ११८ आलं. एरवी निर्धास्त कामाला लागले असते. सेन्सर मागे रेंगाळत १३२ दाखवत होता, पण बाण सरळ खाली होता. थांबले. वीस मिनिटांत पट्टीवर ७४! साखर कुठे चाललीय हे पट्टीच्या एका थेंबात दिसलंच नसतं. तेव्हापासून परत पट्ट्यांवर जायचा विचार सोडला.

आकडा अचानक चढला तर गोळ्याही आठवून बघा. काही सेन्सरांत व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने, काहींत पॅरासिटामॉलने आकडा खोटा वाढतो. आपल्या सेन्सरचं माहितीपत्रक वाचाच.

आता सेन्सर डाव्या दंडाच्या मागे लावते आणि उजव्या कुशीवर झोपते. गेल्या महिन्यात खोटा अलार्म दोनदाच वाजला. कातडी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू देते, वरून चिकटपट्टी लावते. अलार्म बंद केलेला नाही. ग्लुकोमीटर उशाशी असतो.