आवास योजनेचं नाव सांगून नोटरीवर प्लॉट विकतायत, मडगाव वास्कोवाल्यांनी सांभाळा

मडगाव, वास्कोकडे भाड्याच्या खोलीत राहून स्वतःचं घर बघताय त्यांनी हे वाचाच. आमच्या मावशीचे साडेतीन लाख असेच गेलेत. मावशी-काका मूळ सावंतवाडीचे, काका कोलव्याला हॉटेलच्या किचनमध्ये, मावशी दोन घरची धुणीभांडी करते, आणि कित्येक वर्षं मोती डोंगरावर एका खोलीत भाड्याने. बिल्डरचा वन बीएचके यांना परवडणार नाही हे वेगळं सांगायला नको, बाहेरच्यांनी इथे सेकंड होम घेऊन घेऊन रेट कुठे नेऊन ठेवलेत ते बघतोच आपण.

तर ओळखीतूनच एक एजंट आला. म्हणाला शंभर मीटर जागा आहे, साडेतीन लाख द्या, चिऱ्याच्या चार भिंती उभ्या करून वर पत्रे घाला, घर नंबर मी काढून देतो, लाईट येते, घरपट्टी लागते, आणि मग प्रधानमंत्री आवासचे अडीच लाख मिळतात त्यात पक्कं करून घ्या, म्हणजे जागा तुम्हाला पडली लाखालाच! शेजारच्या दोन-तीन खोल्या पण दाखवल्या, बघा यांनी पण असंच घेतलंय. मावशीने सोनं गहाण टाकलं, कमी पडले ते बचतगटातून उचलले.

यातली चलाखी अशी की योजना खरी आहे. आवास शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे, तिच्यात बीएलसी म्हणून एक भाग आहे (म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यांसाठी), वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल आणि देशात कुठेच घरातल्या कोणाच्या नावावर पक्कं घर नसेल तर बांधकामाला २.५ लाखांपर्यंत मदत मिळते, तीही हप्त्याहप्त्याने, कामाचे फोटो बघून, थेट आपल्या खात्यात. पण जमीन आधी आपली पाहिजे. एजंट बाकी सगळं बरोबर सांगतो, एवढंच सांगत नाही.

मी तो कागद मागून वाचला. पाचशेचा स्टॅम्प पेपर, नोटरीचे लाल शिक्के, आणि अख्ख्या कागदात जमीन विकली असं कुठेच नाही, "माझा कब्जा सोडत आहे" एवढंच. विकणारा म्हणून तिसऱ्याच माणसाची सही, जो नंतर कोणाला दिसलेला नाही, आणि आमचा एजंट त्यात नुसता साक्षीदार! सर्वे नंबरची जागा कोरी. आजूबाजूचे नंबर धरून एकचौदाचा उतारा (आपल्याकडच्या सातबारासारखा गोव्यातला जमिनीचा कागद) काढला तर जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची निघाली. अरे नोटरी फक्त सही कोणाची ते बघतो, शंभर रुपयांच्या वरची जमीन सबरजिस्ट्रारकडे रजिस्टर झाल्याशिवाय आपली होत नाही, आणि कोमुनिदादची जमीन तर कोणी एकटा माणूस विकूच शकत नाही, तिचा कायदाच वेगळा. घरपट्टीची पावती, लाईटचं बिल हे पण मालकीचे कागद नव्हेत, ते तिथे राहतो म्हणून लागतं.

भिंती कंबरेपर्यंत आल्या आणि कोमुनिदादची माणसं येऊन काम बंद करून गेली. एजंटला फोन केला तर म्हणे घाबरू नका, गोवा सरकारच्या "माझे घर" योजनेत सगळं रेग्युलर होतंय. आता त्यासाठी २०२५ मध्ये झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीत कोमुनिदादच्या जागेतली घरं आहेत खरी, पण २८ फेब्रुवारी २०१४ च्या आधी बांधलेली. त्यावर पण त्याच्याकडे उपाय होता, पन्नास हजार द्या, दुसऱ्याच्या नावाची २०१३ ची घरपट्टीची पावती आणून देतो. काकांनी त्याला तिथेच हाकलला, नाहीतर पैसे गेले ते गेले आणि खोट्या कागदाची केस उलट यांच्यावरच बसली असती.

पोलिसांनी आधी हे सिव्हिल आहे, कोर्टात जा म्हणून टोलवलं. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो, तिथे बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो (हे खरंच खूप जणांना माहीत नाहीये). त्या वकीलबाईंनी लेखी तक्रार करून दिली, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम लावायला लावलं, त्यातल्या त्यात बरं म्हणजे ॲडव्हान्सचे एक लाख काकांनी जीपेने दिलेले, त्याचं स्टेटमेंट जोडता आलं. बाकीचे रोख, त्याला पुरावा म्हणजे मावशीच्या वहीतली नोंद.

तुम्हाला कोणी अशी जागा दाखवली तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी सर्वे नंबर मागा, उतारा ऑनलाइन बघता येतो, शहरातली जागा असेल तर फॉर्म डी (सिटी सर्वेचा उतारा) बघा. नंबर द्यायला टाळाटाळ केली की निघा तिथून. योजनेची चौकशी सरळ पालिकेत करा, एजंट लागतच नाही.

तक्रार झाल्याचं कळल्यावर त्याच वस्तीतली अजून काही माणसं मावशीकडे कागद घेऊन आली. साक्षीदार सगळ्यांवर तोच, आणि सर्वे नंबर एकावरही नाही. त्यांच्या तक्रारी आता एकत्र द्यायच्या चालल्यात, तुमच्याकडे पण तसला कागद असेल तर फाडून टाकू नका, घेऊन या.