आईच्या पंच्याहत्तरीला 'बहिणाबाईंची गाणी' कार्यक्रम बोलावला होता, त्याचा अनुभव

डिसेंबरात आईची पंच्याहत्तरी केली, यावल तालुक्यात आमच्या मळ्यातच. डीजे नको, ऑर्केस्ट्रा नको असं आईनं आधीच बजावलेलं, मग भाच्यानं एक पार्टी शोधली, बहिणाबाईंची गाणी आणि मधे मधे निवेदनातून त्यांचा जीवनपट, दोन तास, २२ हजार, साउंड त्यांचा आणि जेवण आपलं. पार्टी खान्देशातली नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरं मेहनती आहेत, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको.

वेळेवर आले, त्याचा एक मार्क आधीच देतो. साउंड चेक पण पटकन केला. गाणाऱ्या दोन मुली, त्यातल्या एकीचा आवाज एकदम मोकळा, 'मन वढाय वढाय' तिनं असं उचललं की केळीत पाणी लावायला गेलेला गडी परत येऊन बसला. इथपर्यंत सगळं झकास.

मग तिनं 'अरे संसार संसार' घेतलं. हे गाणं १९६१ च्या 'मानिनी' सिनेमापासून सगळ्यांना पाठ, त्यामुळे बायका सोबत म्हणायला लागल्या, आणि ती आली भाकरीपाशी आणि म्हणाली 'मिळते'. माझी मावशी पहिल्याच लाइनीत बसलेली, तिथूनच ओरडली, "अवं बाई, मिळते नही, मियते म्हन!" सगळा मांडव हसला. मुलगी पण हसली पण पुढच्या कडव्याला परत 'मिळते'च.

आता कोणी म्हणेल एका अक्षरानं काय होतं. अहो आमच्या लेवा बोलीत 'ळ' नाहीच जवळपास, डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया आणि केळीची केयी. बहिणाबाई आसोद्याच्या, जळगावात नांदल्या, त्या जे बोलत तेच गात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, लिहिता येत नव्हतं, शेतात आणि घरोटावर काम करता करता गाणं जुळायचं. (घरोट म्हणजे जातं, हे पण निवेदकाला शेवटी मावशीनंच सांगितलं.) ते ऐकून कागदावर उतरवलं मुलानं म्हणजे सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं, पितांबर चौधरींनी, म्हणून ते उरलं, नाहीतर किती गाणी दळणासोबत गेली असतील कोण जाणे. त्या दोघांनी 'मियते' लिहून ठेवलं आणि तुम्ही माइकवर दुरुस्त करताय.

आणि 'घरोट'ला ऑक्टोपॅड कशाला भाऊ? जात्याला स्वतःचा ठेका असतो, खुंटा फिरतो तसा. इथं मागे धाडधाड चाललेलं, शब्दच ऐकू येईनात, आमच्या आत्यानं कानावर पदर घेतला.

निवेदनाबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. नवरा गेला तेव्हा बहिणाबाई तिशीच्या होत्या हे खरं, पण त्यावर वीस मिनिटं? मागे बासरी, लाइट कमी, निवेदकाचा आवाज भरून आलेला. लग्न १३ व्या वर्षी, तिशीत वैधव्य, झालं, त्याचा जीवनपट तिथंच संपला. अरे बाबा, ती बाई त्यानंतर ४० वर्षं जगली, शेती केली, पोरं वाढवली! पेरनी, कापनी, रगडनी, उपननी असं अख्खं वर्ष गाण्यात आहे, आखजीचं (म्हणजे अक्षय्य तृतीयेचं) गाणं आहे, थट्टा आहे, माणसाला झापणं आहे. समोर बसलेल्या अर्ध्या बायका रोज निंदणी-खुरपणी करणाऱ्या, त्यांना 'उपननी' ऐकवली असती तर मांडव डोक्यावर घेतला असता. ती यादीतच नव्हती.

वर त्यानं सांगितलं की पुस्तक हातात घेऊन बहिणाबाई रडल्या. कशा रडतील? त्या गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला आणि 'बहिणाबाईंची गाणी' आलं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. सोपानदेवांनी वही अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांनी ते छापायलाच लावलं, ही गोष्ट मुळातच एवढी भारी आहे, तिला खोटं पाणी कशाला लावायचं? आणि सोपानदेवांनी शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट वाचून दाखवली तर दुसऱ्या सकाळपर्यंत आईनं त्याचं गाणं करून ठेवलं, हा किस्सा तर आला पण नाही. इथं जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे, इथले लोक चुका पकडणारच ना भो.

कार्यक्रमानंतर भरीत-पुरीची पंगत होती, बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली. तिथं ती मोकळ्या आवाजाची मुलगी मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि शब्द विचारायला लागली, मावशीनं तिला 'डोये', 'माह्या', 'तव्हा' असं एकेक घोटून घेतलं, मधेच "मिरची कमी लागते का वो तुम्हाले" पण चालू. निवेदक तेव्हा मोबाइलवर होता.

तर पाचपैकी तीन. गाणाऱ्या मुलींना चार, निवेदनाला एक. बोलवायचं असेल तर आधीच फोनवर सांगा की ऑक्टोपॅड काढा, निवेदन अर्ध्यावर आणा आणि शेतीची गाणी घ्या, ऐकतात ते, आडमुठे नाहीत. अ‍ॅडव्हान्स निम्मा घेतात, बाकी कार्यक्रम झाल्यावर. भरताचा डबा सोबत मागितला तर द्या, आमच्याकडून दोन नेले.