फ्रोझन पास्ता, खोक्यातलं सूप आणि पार्सलचा भात: खाऊन आणि मोजून पाहिलेलं

४०० ग्रॅमचा फ्रोझन चिकन पास्ता. खोक्यावरच्या फोटोत टोमॅटो सॉसमध्ये कोंबडीचे जाड जाड तुकडे, वर एक हिरवंगार पान, कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘भरपूर प्रोटीन’. मागच्या बाजूला, पोषणाच्या तक्त्याच्या डोक्यावर, बारीक अक्षरांत एक ओळ: एका पाकिटात दोन सर्व्हिंग. आत मात्र ट्रे एकच, कप्पा एकच, आणि गरम केल्यावर समोर येतं ते एका माणसाचं पोटभर जेवण. त्यातलं अर्धं खाऊन अर्धं झाकून ठेवणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

तक्त्यात सोडियम १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅम आहे. ‘एक सर्व्हिंग’च्या रकान्यात ते ६८० होतं आणि ट्रे संपवला की १,३६०. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं. म्हणजे या एका जेवणात ३.४ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. मग सकाळचा नाश्ता, दुसरं जेवण आणि मधलं खाणं या सगळ्यांसाठी उरलं १.६ ग्रॅम, छोट्या चमच्याचा जेमतेम तिसरा भाग.

मी हे इतकं काटेकोर मोजते, कारण आईचं ब्लड प्रेशर वाढलेलं आहे आणि डॉक्टरांनी मिठावर बोट ठेवलंय. माझी नोकरी पाळ्यांची. रात्रपाळी असली की ती एकटीच जेवते आणि तिला शेगडीसमोर फार वेळ उभं राहवत नाही. तयार जेवणावाचून आमचं चालत नाही, आणि त्यात मला काही गैर वाटतही नाही. दमलेल्या किंवा आजारी माणसाला दहा मिनिटांत गरम घास मिळावा, ही फार मोलाची सोय आहे. म्हणूनच ती त्या माणसाच्या तब्येतीला झेपेल अशी असावी, हा माझा हट्ट आहे.

तर पास्ता. चवीला तो चांगला आहे, हे आधी सांगते. सॉसला टोमॅटोचा खरा आंबटपणा आहे, लसणाचा वास येतो, वरचं चीज करपत नाही. पास्ता जरा जास्तच मऊ होतो, पण आईच्या दातांना तो मऊच बरा पडतो. चिकनच्या बाबतीत मात्र घटकांची यादी वाचावी. यादीत सगळं वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेलं असतं. इथे पहिला शिजवलेला पास्ता, दुसरं पाणी, तिसरी टोमॅटो प्युरी आणि चौथ्या नंबरवर चिकन, ९ टक्के. ४०० ग्रॅमचे ९ टक्के म्हणजे ३६ ग्रॅम. मी एका ट्रेमधले तुकडे वेचले, सॉस धुऊन टाकला, टिपून काट्यावर ठेवले. ३४ भरले. यादीत लिहिलंय ते आत आहे. फोटोत दाखवलंय ते नाही. बोटाच्या पेराहून लहान चौकोन, सगळे मिळून तळहाताच्या खळग्यात मावतील एवढे. पूर्ण ट्रेमध्ये प्रोटीन २० ग्रॅमच्या आसपास आहे, पण त्यातला बराच वाटा पास्त्याचा आणि चीजचा.

यादीत पुढे मॉडिफाइड स्टार्च, साखर, मीठ, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. ही नावं बघून दचकायचं कारण नाही. साध्या पिठाने दाट केलेला सॉस गोठवून पुन्हा गरम केला की पाणी सोडतो आणि चोथापाणी वेगळं होतं. मॉडिफाइड स्टार्च ते होऊ देत नाही. साखर टोमॅटोचा आंबटपणा बसवते. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये ग्लुटामेट असतं, त्याने मांसाच्या रश्श्यासारखी भरीव चव येते. एकेकटं यातलं काहीच विष नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पाणी, स्टार्च, मीठ आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट यांच्या जोरावर थोडंसं चिकन आणि थोडासा टोमॅटो भरपूर असल्यासारखे लागतात. जिभेला जे भरपूर वाटतं, ते ताटात नसतं.

आणि मीठ टिकवण्यासाठी लागतं म्हणावं, तर तेही इथे खरं नाही. उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत. लोणच्यात किंवा खारवलेल्या माशात मीठ राखणदारी करतं, गोठवलेल्या पास्त्यात ती राखणदारी थंडी करते. तेव्हा या ट्रेमधलं जवळजवळ सगळं मीठ निव्वळ चवीसाठी घातलेलं आहे, आणि चवीचं मीठ कमी करता येतं. वरून चिमूटभर घालायची मुभा खाणाऱ्याला असतेच. आत मुरलेलं काढून टाकायची मात्र नसते.

अशा जेवणाने पोट भरलंय हे कळायलाही उशीर होतो. यावर अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. २० माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, चोथा (फायबर) आणि सोडियम सारखं राखलं होतं आणि हवं तेवढं खायची मोकळीक होती. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, शिवाय भराभर खात होती. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं, आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. प्रयोग लहान आहे, पण आमच्या टेबलावर मला दिसतं त्याच्याशी जुळतो. चावावं लागत नाही असा घास घशाखाली लगेच जातो.

गरम करण्याबद्दल दोन शब्द, कारण खोक्यावरच्या सूचना बहुतेक जण वाचत नाहीत. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही. कडेचा सॉस उकळत असतो तेव्हा मधला पास्ता गार असू शकतो. अर्ध्यात काढून ढवळा आणि शेवटी एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या, असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून मधोमध ७० अंशांपर्यंत गरम होणं जरुरीचं असतं. सूचना ८०० वॉटसाठी असेल आणि आपला मायक्रोवेव्ह कमी ताकदीचा असेल, तर वेळ वाढवायला हवा. आईसाठी मी हे मोठ्या अक्षरांत लिहून मायक्रोवेव्हवर चिकटवलंय.

हा पास्ता मी अजूनही आणते, पण वेगळ्या तऱ्हेने वापरते. अर्धा ट्रे आणि तेवढ्याच वजनाच्या गोठवलेल्या भाज्या: मटार, फरसबी, मका. सॉस मुळातच इतका सैल आणि चवीला इतका तिखट-खारट असतो की तेवढ्या भाज्या तो सहज सामावून घेतो. ताट भरतं, मीठ निम्म्यावर येतं, आणि खोक्यावरच्या त्या दोन सर्व्हिंग खऱ्या होतात. गोठवलेल्या भाज्या हा अख्ख्या फ्रीजरमधला माझा सर्वात आवडता माल आहे. यादीत एकच शब्द: मटार. काढणीनंतर लवकर उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेले असतात. त्या उकळीत ‘क’ जीवनसत्त्व थोडं जातं, पण काही दिवस प्रवास करून आलेल्या ताज्या मटारांतूनही ते जातच असतं. घेताना पाकीट हलवून बघावं. दाणे सुटे खुळखुळले तर उत्तम. एकच गठ्ठा झाला असेल तर तो वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय, तो घेऊ नये.

सूपबद्दल मी निराश आहे. खोक्यावर ‘नैसर्गिक’ आणि ‘घरच्यासारखं’, चित्रात मातीचा वाडगा. ६०० मिलिलिटरच्या खोक्यात चार सर्व्हिंग धरल्यात, म्हणजे माणशी १५० मिलिलिटर. तेवढं चहाच्या कपात येतं. माणूस जेवणाऐवजी सूप घेतो तेव्हा निदान ३०० मिलिलिटर घेतो, आणि तेवढ्यात ८७० मिलिग्रॅम सोडियम आहे, साधारण २.२ ग्रॅम मीठ. आजारी माणसाला आपण भरवशाने सूप देतो, म्हणून हे मला पास्त्यापेक्षा जास्त खटकतं. त्यापेक्षा मी घरीच टोमॅटो, कांदा आणि गाजर शिजवून घुसळते आणि ते सूप गोठवून ठेवते. हे खोकं मी पुन्हा घेणार नाही.

पिशवीतलं कापलेलं सॅलड मात्र मनापासून आवडलं. त्याचं कारण पानांपेक्षा ड्रेसिंगची वेगळी पुडी. पुडी वेगळी असल्यामुळे किती घालायचं ते आईच्या हातात राहतं. पाव पुडी, वर लिंबू, आणि काम झालं. सगळ्या तयार जेवणांत खारट भाग असा वेगळा बांधून दिला, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. काळजी फक्त तारखेची. फ्रीजच्या थंडीतही लिस्टेरिया नावाचा जंतू वाढू शकतो आणि तो म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना जास्त बाधतो. त्यामुळे ‘या तारखेपर्यंत वापरा’ असं लिहिलेलं असेल तर ती तारीख मी पाळतेच. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ म्हणजे दर्जाची गोष्ट, तिथे वास-रंग बघून ठरवता येतं.

पुढच्या बाजूला खरी माहिती छापणं अशक्य नाही. चिलीमध्ये २०१६ पासून मीठ, साखर, संपृक्त चरबी किंवा कॅलरी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की पाकिटावर काळा अष्टकोन छापावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची ऐच्छिक पद्धत आहे. एका ट्रेच्या जेवणाला मी एकच गोष्ट मागते: पूर्ण ट्रेमध्ये किती मीठ आहे तो आकडा पुढे, ‘भरपूर प्रोटीन’ इतक्याच मोठ्या अक्षरांत.

राहिलं पार्सल. इथे तर वाचायला मागची बाजूच नाही. आम्ही ज्यांच्याकडून मागवतो त्यांचा भाज्या घातलेला परतलेला भात सुरेख असतो. कोबी कुरकुरीत, गाजर हाताने कापलेलं, भाताचा दाणा मोकळा, आणि पास्त्याच्या ट्रेपेक्षा भाजी कितीतरी जास्त. डब्याच्या तळाशी तेल साचत नाही. तळलेले पदार्थ मात्र झाकणबंद डब्यात वाफेने लोळागोळा होऊन येतात, ते मागवण्यात अर्थ नाही.

भाताच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या घडवणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा, आणि बाहेर ठेवायची मर्यादा दोन तास. म्हणून पार्सल आलं की आई लगेच जेवते. माझा वाटा ती पसरट डब्यात काढून, वाफ जिरली की फ्रीजमध्ये ठेवते. पाळीवरून आल्यावर मी तो एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करते. एकदा डबा ओट्यावरच राहून गेला होता, तो सगळा टाकून दिला. अन्न टाकताना जीव तुटतो, तरी टाकला.

मिठाचं काय, ते विचारायला मी स्वतः त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. स्वयंपाक करणाऱ्या दादांनी सरळ सांगितलं की मोजत नाहीत, अंदाजाने पडतं. मग सोया सॉसची बाटली दाखवली आणि हातातला पळा. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. एका माणसाच्या भातात ते दोन चमचे ओततात, वर मीठ वेगळं. म्हणजे डबा हातात येण्याआधीच आईचा दिवसाचा कोटा संपला. मी आईच्या दुखण्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “ताई, एक चमचाच घालतो, मीठ बंद, आलं-लसूण वाढवतो, बघा चालतंय का.” चाललं. आईला तर ते आधीच्यापेक्षा जास्त आवडलं, आलं समोर येतं म्हणून. आता फोन केला की ते स्वतःच विचारतात, “आईंचा ना?” आणि तो डबा वेगळा परततात.