अल्प्समध्ये झड लागली, तर गाडी गार्मिशला वळवावी की बेर्श्टेसगाडेनला?

म्युनिकहून दक्षिणेला गाडी काढायची, तर कार्यक्रम बहुधा आधीच ठरलेला असतो. आई-बाबा पुण्याहून आलेले, हॉटेलांचे पैसे भरलेले, रद्द केलं तर बुडणार. आणि आदल्या रात्री मोबाइलवर सलग तीन दिवस ढग आणि थेंब. यात नवल काही नाही. जून ते ऑगस्ट हेच बव्हेरियन अल्प्सचे सर्वांत पावसाळी महिने. मुलांच्या सुट्ट्याही त्याच सुमारास, त्यामुळे तारखा हलवायलाही वाव नसतो.

अशा वेळी वाटेत एखाद्या डोंगरी गावात थांबायचं, तर दोन नावं हमखास पुढे येतात: गार्मिश-पार्टेनकिर्शेन आणि बेर्श्टेसगाडेन. उन्हात दोन्ही सारखीच देखणी, तिथे निवड करायचा प्रश्नच नाही. पावसात मात्र दोघांत फार फरक पडतो. माझं मत आधीच सांगते: अख्खा दिवस हातात असेल तर बेर्श्टेसगाडेन. तीन-चार तासच असतील आणि पुढे इटली गाठायची असेल तर गार्मिश.

आधी पाऊस कोणता ते पाहा

उन्हाळ्यात इथे दोन तऱ्हेचा पाऊस पडतो. एक वळवासारखा: सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोननंतर काळंभोर आभाळ, तासभर गडगडाट, संध्याकाळी पुन्हा उघडीप. असा अंदाज असेल तर फार विचार करू नका. गार्मिशला जा, केबल कारच्या सकाळच्या पहिल्या फेऱ्यांमध्ये वर चढा आणि एकच्या आत खाली या.

दुसरी ती झड. वायव्येकडून ढग येतात आणि अल्प्सच्या भिंतीला अडतात, सह्याद्रीला अडतात तसेच. मग दोन-तीन दिवस संततधार, तापमान भर जुलैत दहा-बारा अंशांवर, आणि शेजारचा डोंगरही दिसत नाही. पण घाटमाथ्यावर धो धो कोसळत असताना माणदेश कोरडा असतो, तसंच इथेही पुष्कळदा होतं. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची ब्रेनर खिंड ओलांडून इटलीतल्या बोल्झानोकडे उतरलं की आभाळ मोकळं मिळू शकतं. गार्मिश त्या वाटेवर आहे. बेर्श्टेसगाडेन तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या कोपऱ्यात आहे, तिथे शिरलात की पाऊस सोबतच. म्हणजे पावसातून निसटायचं असेल तर एक गाव आणि पावसातच दिवस काढायचा असेल तर दुसरं. पुढचं सगळं या झडीच्या पावसाबद्दल आहे.

गार्मिश: चांगलं ते सगळं उंचावर

गार्मिश आणि पार्टेनकिर्शेन ही मुळात दोन गावं. १९३६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी १९३५मध्ये ती एक केली गेली. लोक इथे येतात ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी, आणि पावसात नेमक्या त्याच दोन्ही अडचणीत येतात.

पहिली म्हणजे त्सुगश्पिट्झ, २,९६२ मीटर, जर्मनीचं सर्वांत उंच शिखर. आइबझे तलावापासून केबल कार दहा-एक मिनिटांत वर नेते. उन्हाळ्यात माणशी तिकीट सत्तर युरोंच्या पुढे जातं, आणि ढगात ते वाया. वरचे वेबकॅम घरबसल्या बघता येतात. त्यात पांढरं फटक दिसलं तर तिकीट काढू नका. याला एक अपवाद मात्र आहे. थंड हवेची लाट आली की गावात पाऊस आणि वर जुलैतही बर्फ, असं होतं. पाहुण्यांनी जन्मात पडता बर्फ पाहिला नसेल, तर देखावा शून्य असला तरी त्या गच्चीवर हात पसरून उभे राहिलेले बाबा बघण्यात पैसे वसूल होतात. हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरी पार्टनाखक्लाम ही घळ. सातशे मीटरभर लांब, ऐंशी मीटरहून खोल, कातळ कोरून काढलेली अरुंद वाट आणि पायाखालून उसळणारं पाणी. १९१२पासून ती संरक्षित निसर्गवारसा आहे. रिपरिप असेल तर जरूर जा. तशीही आत छत गळतच असतं, भिजणं चुकत नाही, आणि पाणी वाढलं की घळीला खरा रंग चढतो. मात्र छत्री गाडीतच ठेवा. त्या वाटेवर समोरून माणूस आला की छत्री मिटायलाही जागा नसते, रेनकोटच हवा. पाऊस जोराचा झाला की दगड कोसळण्याच्या भीतीने आणि पाण्याच्या पातळीमुळे घळ बंद करतात, तेव्हा निघण्याआधी संकेतस्थळ पाहा. ऑलिंपिक स्की स्टेडियमपाशी गाडी लावून तोंडापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. गुडघे धरलेले असतील तर हाही विचार करा.

या दोन्ही वगळल्या तर गावात काय उरतं? पार्टेनकिर्शेनचा लुडविगश्ट्रासे, घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगवलेले संत, शेतकरी आणि शिकारी. अर्धा तास छान जातो. मग कॉफी. मग पुन्हा कॉफी.

गार्मिशला पावसात तारून नेतो तो आसपासचा परिसर. पंधरा किलोमीटरवर एटालचा मठ आहे, १३३०मध्ये स्थापन झालेला. बाहेर कुंद अंधार असताना आत पाऊल टाकावं आणि वर घुमटाकडे बघावं, चित्रांनी भरलेला आहे. प्रवेश फुकट. तिथून पुढे ओबरआमरगाउ, लाकडी कोरीवकामाच्या दुकानांचं गाव. दर दहा वर्षांनी इथे येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक गावकरीच करतात, ही प्रथा १६३४पासूनची आहे. करोनामुळे २०२०चा प्रयोग २०२२वर गेला, पुढचा २०३०मध्ये.

आणि लिंडरहोफ. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला सगळ्यांना माहीत असतो, पण तो बांधणाऱ्या बव्हेरियाच्या राजा दुसऱ्या लुडविगच्या हयातीत पुरा झालेला राजवाडा हा एकच. आकाराने लहान, आत सोन्याचा मुलामा आणि आरसे यांचा अक्षरशः अतिरेक. फेरी मार्गदर्शकाबरोबरच करावी लागते, पण ती लवकर आटपते, त्यामुळे वयस्कर माणसं थकत नाहीत. जुलै २०२५मध्ये लुडविगचे राजवाडे जागतिक वारसा यादीत गेले. त्याच बैठकीत आपले बारा मराठा किल्लेही गेले. आई-बाबांना हे आवर्जून सांगा, राजवाड्याकडे बघायची नजरच बदलते. (किल्ले जास्त मेहनतीचे, हा निकालही लगेच मिळतो.)

बेर्श्टेसगाडेन: जमिनीखाली आणि पाण्यावर

इथल्या दोन मोठ्या आकर्षणांपैकी एकाला पावसाने काही फरक पडत नाही आणि दुसरं पावसात जास्त खुलतं. माझं पारडं इकडे झुकतं ते यामुळेच.

मिठाची खाण १५१७पासून चालू आहे, आणि चालू म्हणजे आजही तिथून मीठ निघतं. तिकीट घेतलं की कपड्यांवरून खाणकामगारांचा पोशाख चढवायला देतात. तोही सगळ्यांना सारखाच, त्यामुळे आजोबा आणि नातू अचानक एका पलटणीतले दिसतात. मग छोट्या आगगाडीवर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय सोडून, एकामागे एक बसायचं आणि गाडी बोगद्यात शिरते. आत बाराही महिने बारा अंशांच्या आसपास. खाली उतरायला लाकडी घसरगुंड्या आहेत, दोन-तीन जणांनी एकमेकांना धरून जायचं. सासूबाईंना नको वाटलं तर शेजारी जिना आहे, कोणी आग्रह करत नाही. शेवटी अंधारात एका भूमिगत तळ्यावरून तराफ्याने पलीकडे नेतात. पाणी इतकं स्थिर की दिवे वर किती आणि खाली किती, ते कळत नाही. सगळं मिळून तासभर लागतो.

मीठ काढायची रीत ऐकण्यासारखी आहे. इथे ते कुदळीने खणत नाहीत. खडकात मीठ आणि माती एकत्र असतात, त्यात गोडं पाणी सोडतात. मीठ विरघळतं, माती तळाशी बसते आणि सुमारे २६ टक्के मिठाचं पाणी उपसून बाड राइशेनहालच्या कारखान्यात आटवायला पाठवतात. १८१७मध्ये गेओर्ग फॉन राइशेनबाख या अभियंत्याने यासाठी डोंगर ओलांडून नळ टाकला आणि पाणी वर चढवायला पाण्याच्याच दाबावर चालणारा पंप बसवला. जर्मनीत राहणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात बाड राइशेनहालचा मिठाचा पुडा असतोच. तो कुठून येतो हे एकदा बघितलं की आमटीत मीठ घालताना आठवण होते.

एक अडचण मात्र खरी आहे. पाऊस लागला की परिसरातल्या प्रत्येकालाच ही खाण आठवते. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढा. तसेच गेलात तर दोन तास ओल्या बुटांनी रांगेत जातील.

दुसरं क्योनिगझे. दोन्ही बाजूंनी उभे कडे असलेला आठ-एक किलोमीटर लांबीचा तलाव, खोली १९० मीटर. १९०९पासून इथे प्रवाशांसाठी विजेवर चालणाऱ्याच बोटी आहेत, त्यामुळे पाण्यावर इंजिनाचा आवाज नाही. बोटी छताच्या आणि काचा लावलेल्या. काचेवर वाफ धरते, ती बाहीने पुसत बसायचं, आणि पुसलेल्या गोलातून कड्यावरचा एकेक धबधबा सरकत जातो. उन्हात ज्या खडकांवर काहीच नसतं, तिथे झडीत पांढऱ्या रेघा उतरलेल्या असतात. ताम्हिणीत हेच बघायला आपण जातो, नाही का? मध्ये एका ठिकाणी नावाडी बोट थांबवतो, दार उघडतो आणि कड्याकडे तोंड करून तुतारीसारखं वाद्य वाजवतो. क्षणभराने कडा तेच सूर परत करतो. मग टिप गोळा होते. सुटे ठेवा.

पस्तीस मिनिटांत सांक्ट बार्टोलोमे येतं. लाल घुमटांचं छोटं चर्च, शेजारी खानावळ. झडीत पुढे झालेट या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ नका, तिथली मजा चालण्यात आहे. धुकं अगदी पाण्याला टेकलं असेल, तर मात्र बोटीतूनही काही दिसणार नाही, हेही खरं.

केलश्टाइनहाउस, म्हणजे हिटलरचं ते प्रसिद्ध ‘गरुडाचं घरटं’, १,८३४ मीटरवर आहे आणि पावसात ते सरळ वगळा. खासगी गाडीला बंदी, खास बसने जायचं, मग डोंगराच्या पोटातून १२४ मीटर लिफ्टने वर, आणि वर ढग. त्याऐवजी खाली ओबरझाल्झबेर्गचं दस्तऐवज केंद्र बघा. नाझी सत्तेचं दुसरं ठाणं इथे होतं. २०२३मध्ये नव्याने मांडलेलं प्रदर्शन आणि जमिनीखालचे बंकर, दोन तास सहज जातात. लहान मुलं बरोबर असतील तर नको, विषय जड आहे.

भिजून कंटाळा आला तर बाड राइशेनहालला रूपेर्टुस टेर्मं आहे, कोमट खाऱ्या पाण्याचे मोठे तलाव. तिथे सौनाचा विभाग वेगळा असतो आणि जर्मन रिवाजाप्रमाणे तिथे कपडे घालत नाहीत. आई-बाबांना दार उघडण्याआधी सांगितलेलं बरं.

रस्ता

म्युनिक ते गार्मिश नव्वद किलोमीटर, सव्वा तास. ए ९५ हा महामार्ग मोकळा, फक्त तो एशेनलोहेपाशी संपतो आणि सुट्टीच्या दिवशी पुढे गाड्या तुंबतात. २०२२मध्ये ओबराउचा बोगदा झाल्यापासून थोडं सुसह्य झालं आहे. बेर्श्टेसगाडेन दीडशे किलोमीटरच्या पुढे, दोन तास धरा, आणि ए ८वर इर्शेनबेर्गच्या चढाला पावसात गती हमखास बसते. बाड राइशेनहालला बाहेर पडून बी २०ने गेलात तर ऑस्ट्रियात शिरावं लागत नाही, म्हणजे विन्येटही (तिथल्या महामार्गांचा टोल-परवाना) लागत नाही.

गार्मिशहून पुढे इन्सब्रुक साठ किलोमीटर. झेफेल्डनंतर त्सिर्लर बेर्गचा उतार येतो, १६ टक्के. ओल्या रस्त्यावर ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, खालच्या गियरमध्ये उतरा. खाली महामार्गाला लागण्याआधी विन्येट घेतलेलं हवं. ब्रेनरचा टोल त्याच्या वर वेगळा.

जेवण

यात दोन्ही गावं सारखीच. अनेक खानावळींचं स्वयंपाकघर दोन ते पाच बंद असतं, आणि रविवारी सुपरमार्केटही बंद. शाकाहारी असाल तर केझेश्पेट्सले मागवा, वितळलेल्या चीजमधल्या शेवयांसारखा प्रकार, वर तळलेला कांदा. ‘ओने श्पेक’ म्हणजे बेकन नको, हे आवर्जून सांगा. सूप निरागस दिसलं तरी बहुधा गोमांसाच्या रश्श्यातलं असतं, अगदी धिरड्याच्या पट्ट्या घातलेलंसुद्धा.

आणि कुठेच जायचं नाही, असा पाऊस

१७ जुलै २०२१च्या अतिवृष्टीत बेर्श्टेसगाडेन परिसरात पूर आला, आणि क्योनिगझेकाठची बॉबस्लेची (बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीची) जुनी, जगप्रसिद्ध धावपट्टी चिखल-दगडांच्या लोंढ्याने उद्ध्वस्त झाली. अरुंद दऱ्यांत पाणी चढायला वेळ लागत नाही. जर्मन हवामान खात्याच्या वॉर्नवेटर ॲपवर पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल तर जपून निघायला हरकत नाही. लाल किंवा जांभळा असेल तर हॉटेलचे पैसे बुडू द्या आणि म्युनिकमध्येच डॉयचेस म्युझियमला जा. ते इझार नदीच्या बेटावर आहे, ट्रामने जाता येतं, आणि एका दिवसात बघून होत नाही.