१२० सेंटिमीटरच्या स्लायडरवर ‘जॉज’मधला तो शॉट

या सत्रात आम्हाला मिळालेलं काम असं होतं: गाजलेल्या सिनेमातला एक प्रसंग निवडा आणि शॉटमागून शॉट तसाच उभा करा. मी ‘जॉज’ (१९७५) मधला किनाऱ्यावरचा प्रसंग घेतला. पोलीसप्रमुख ब्रॉडी खुर्चीत बसून पाण्यावर नजर ठेवून आहे. शार्कने हल्ला केल्याचं त्याला दिसतं, त्या क्षणी त्याचा चेहरा जागच्या जागी राहतो आणि मागचा किनारा लांब ताणला जातो. कॅमेरा पुढे जातो आणि त्याच वेळी झूम मागे येतो, म्हणजे डॉली झूम. ट्रॉली आणि रूळ आम्हाला मिळणार नव्हते, म्हणून मी हा हाताने सरकवायचा १२० सेंटिमीटरचा स्लायडर घेतला. ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, त्यांवर रोलरवर धावणारी कॅमेऱ्याची पाटी, आणि पट्ट्याने जोडलेलं एका टोकाचं जड चाक.

घेण्याआधी एक हिशेब करा, कारण या कामात सगळं लांबीवर ठरतं. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच राहायला हवा असेल तर फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा; तो जितका लहान, तितकं दृश्य रुंद) ज्या पटीत घटते त्याच पटीत अंतरही घटायला हवं. माझी लेन्स २४-७० ची आहे. ७० वरून २४ वर यायचं, तर अंतर जवळजवळ तिपटीने कमी व्हायला हवं. हातात १२० सेंटिमीटरच असले, की सुरुवात चेहऱ्यापासून साधारण १८३ सेंटिमीटरवर आणि शेवट ६३ वर येतो. फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर तेव्हा सुमारे ९४ सेंटिमीटर रुंदीची चौकट मिळते, म्हणजे डोकं, खांदे आणि थोडी छाती. ब्रॉडीसाठी एवढं पुरतं. पूर्ण उभा माणूस घेऊन हाच शॉट करायचा असेल, तर हा स्लायडर घेऊ नका.

पहिल्या दिवशी आम्ही अंदाजाने झूम फिरवत होतो आणि चेहरा फुगत होता, आक्रसत होता. दुसऱ्या दिवशी रुळाच्या कडेला कागदी टेप लावून खुणा केल्या: शून्यावर ७०, ५२ सेंटिमीटरवर ५०, ९१ वर ३५, आणि १२० वर २४. लेन्सच्या रिंगवर हे आकडे सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे पाटी एका वेगाने जात असली तरी झूमवरच्या हाताला वेग बदलावा लागतो. मॉनिटरवरही दोन पट्ट्या चिकटवल्या, एक केसांच्या रेषेला आणि एक हनुवटीला. झूम करणारी मैत्रीण फक्त त्या पट्ट्यांकडे बघायची, मी पाटी ढकलायचे. लेन्सवर दुसऱ्या हाताला जागा उरत नव्हती, म्हणून फोकस चेहरा ओळखणाऱ्या ऑटोफोकसवर सोडला. तो दोनदा चुकला, बाकी वेळा टिकला. अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र; ते एफ ८ वर पक्कं ठेवलं, कारण ज्या लेन्सचं अ‍ॅपर्चर झूमबरोबर बदलतं तिच्यावर शॉटच्या मध्येच उजेड बदलतो. एकट्याने हे काम होणार नाही. दोन माणसं लागतातच.

या स्लायडरची खरी ताकद ते जड चाक आहे. सुरुवातीला ढकलताना थोडा जोर लागतो, पण एकदा गती आली की हाताचा कंप चित्रात उतरत नाही. एका वर्गमित्राचा चाक नसलेला स्लायडर आम्ही आधी वापरून पाहिला होता, त्यावर प्रत्येक टेकमध्ये मध्येच बारीक अडखळ दिसायची. इथे २३ टेक झाले आणि त्यातले चार वापरण्याजोगे निघाले. मी सतरावा ठेवला.

दोष दोन, आणि दोन्ही खटकले. मधोमध एकाच ट्रायपॉडवर बसवला तर पाटी टोकाला पोहोचेपर्यंत रूळ झुकतो आणि चौकटीत क्षितिज वर सरकतं. दोन्ही टोकांना आधार द्यावाच लागतो, आणि माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. दुसरा दोष वाळूचा. किनारा म्हणून आम्ही मैदानातल्या लांब उडीच्या खड्ड्याजवळ शूटिंग केलं. एक कण रोलरखाली गेला आणि शॉट उडी मारू लागला. पाटी काढून ब्लोअरने फुंकर मारली, कोरड्या कापडाने नळ्या पुसल्या. तेल लावू नका, तेलावर धूळ आणखी बसते.

पार्श्वभूमीबद्दलही सांगायला हवं, कारण पहिला दिवस आम्ही त्यातच घालवला आणि मला वाटत होतं की स्लायडरच कमी पडतोय. मागे कोरी भिंत होती. ताण जाणवायला डोळ्याला धरायला काहीतरी लागतं, आणि कोऱ्या भिंतीवर काहीच नव्हतं. मग खुर्ची वळवली आणि मागे झाडांची लांब रांग घेतली. ब्रॉडीच्या मागे दहा मीटरवर आधी सहा मीटर रुंदीचा पट्टा दिसत होता, शॉटच्या शेवटी जवळपास सोळा. पहिल्यांदा तो टेक मॉनिटरवर पाहिला तेव्हा आम्ही दोघी काही बोललोच नाही, नुसत्या परत परत बघत राहिलो. ६३ सेंटिमीटरवर २४ ची लेन्स नाक जरा मोठं दाखवते, पण शॉट इतका छोटा आहे की भीतीच्या त्या क्षणाला ते शोभून जातं.

प्रसंगातले बाकीचे शॉट साध्या ट्रायपॉडवर झाले. कॅमेऱ्यासमोरून जाणाऱ्या माणसांच्या आड दिग्दर्शक स्पीलबर्गने कट लपवलेत, आणि प्रत्येक कटनंतर ब्रॉडी आपल्याला जास्त जवळून दिसतो. हे आम्ही सहा मित्रांना रंगीत टॉवेल देऊन, समोरून चालवून केलं. एडिटिंगला बसल्यावर कळलं की डॉली झूमच्या आधीची ती सगळी बेचैनी या चालण्याच्या वेळेवर तोललेली आहे. या सिनेमाच्या संकलनासाठी व्हर्ना फील्ड्स यांना ऑस्कर मिळालं, आणि तीन रात्री हा एक प्रसंग कापत बसल्यावर मला त्याचं मोल कळतं.

पाचपैकी चार देते. एक तारा झुकणाऱ्या रुळाचा कापला.

स्लायडर मी ठेवणार आहे. पुढच्या सत्रात मला ‘व्हर्टिगो’ (१९५८) मधला जिन्याचा डॉली झूम करायचा आहे. त्या शॉटमध्ये माणूस नाही, म्हणून दिग्दर्शक हिचकॉकने जिन्याची छोटी प्रतिकृती बनवून आडवी ठेवली आणि कॅमेरा जमिनीला समांतर चालवला. प्रतिकृती लहान असली की अंतरंही तेवढीच लहान होतात, आणि तिथे १२० सेंटिमीटर भरपूर आहेत. पुठ्ठा कापायला घेतला आहे.